सरकारने पैसे दिले तर तुम्ही दुसरं मूल होऊ द्याल का?

भांडुपकरीण (सोमवार, रात्री ११.१०)

मुलगी झोपली, ओटा आवरून झाला, आता लिहिते. लांबण लागली तर चालवून घ्या.

रविवारी सासूबाईंच्या मोबाइलवर कुणीतरी चंद्राबाबू नायडूंची जुनी क्लिप पाठवली. ऑक्टोबर २०२४ मधली, जास्त मुलं होऊ द्या असं सांगणारी. त्यांनी ती मला जेवताना दाखवली, आवाज पूर्ण मोठा करून. मग म्हणाल्या, "बघ, आता तर सरकारच सांगतंय." मी म्हटलं, आई, ते आंध्रचं सरकार आहे, आपण भांडुपला राहतो. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण आमटी वाढताना डाव जरा जोरात आपटला.

आंध्रने नुसतं बोलून सोडलं नाही. दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्यांना स्थानिक निवडणूक लढवायला बंदी होती, ती त्यांनी त्याच नोव्हेंबरमध्ये उठवली. सिक्कीम तर सरकारी नोकरांना दुसऱ्या-तिसऱ्या मुलासाठी जादा वेतनवाढ देतं. म्हणजे वारं फिरलंय. आम्ही "हम दो हमारे दो" बघत मोठे झालो. शाळेच्या भिंतीवर तो कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण होता, आणि त्याचा अर्थ विचारला म्हणून बाईंनी मला खाली बसवलं होतं.

आता आमचं. घर ३७५ स्क्वेअर फूट कार्पेट. मुलीला पाचवं लागलंय. ती वॉशिंग मशीनवर पाटी ठेवून उभ्याने अक्षरं गिरवते, कारण मशीनची उंची तिला बरोबर येते आणि हॉलमध्ये टेबल मावत नाही. कपडे धुवायला लावले की अभ्यास बंद. पाळणाघराचे महिन्याला साडेनऊ हजार. ते सव्वासातला बंद होतं, पुढच्या दर पंधरा मिनिटांना शंभर रुपये. गेल्या पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या त्या दिवशी मी पावणेदहाला पोचले. ताईंनी पैसे घेतले नाहीत, पण पोरगी त्यांच्या दारात चपला घालून दोन तास बसून होती, ते मला अजून आठवतं. सासूबाईंचे गुडघे गेलेत, नवऱ्याची सेकंड शिफ्ट.

आम्ही दोघांनी परवा लाइट बिलाच्या पाकिटामागे हिशेब मांडला, की सरकारने किती दिले तर आपण दुसऱ्याचा विचार करू? पाच हजारांपासून सुरू केलं. पन्नास हजार, दोन लाख, करत करत आकडा कुठे थांबला सांगू? वन बीएचके आणि टू बीएचकेच्या किमतीतल्या फरकाशी. पाकीट फाडून टाकलं.

तर प्रश्न असा: जगात इतकी सरकारं बाळांसाठी पैसे वाटतात, त्याने खरंच पाळणे हलतात का? जाणकारांनी सांगावं. आणि "एकुलतं मूल एकलकोंडं होतं" हे कृपया सांगू नये, घरी रोज ऐकते.

कट्ट्यावरचा (सोमवार, रात्री ११.३४)

टू बीएचकेसाठी मी तिसरंही होऊ देईन. बायकोला विचारून सांगतो.

(हलकं घ्या.)

शीवहून_सोल (मंगळवार, सकाळी ७.०५)

जाणकार नाही, पण सहा वर्षं सोलमध्ये राहतोय, म्हणजे या आजाराच्या आयसीयूतच बसलोय म्हणा.

दक्षिण कोरियाचा जननदर, म्हणजे सध्याचं प्रमाण कायम राहिलं तर एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतील तो आकडा, २०२३ मध्ये ०.७२ होता. सोल शहराचा ०.५५. लोकसंख्या टिकायला २.१ लागतो. आणि हे सरकार हातावर हात धरून बसलेलं नाही बरं. २००६ ते २०२१ मध्ये त्यांनी यासाठी २८० लाख कोटी वॉन खर्च केले. आता बाळ एक वर्षाचं होईपर्यंत महिन्याला दहा लाख वॉन मिळतात, आपले साठ हजारांच्या आसपास. पुढचं वर्ष त्याच्या निम्मे. जन्माबरोबर व्हाउचर वेगळं, घरासाठी कमी व्याजाचं कर्ज वेगळं. बूयंग नावाची बांधकाम कंपनी तर २०२४ पासून कर्मचाऱ्याला प्रत्येक बाळामागे दहा कोटी वॉन देते. साठ लाख रुपये धरा!

माझ्या टीममधली एक मुलगी, वय ३६, लग्न नाही. तिला मी विचारलं होतं. ती म्हणाली, पहिल्या वर्षाचे पैसे सरकार देईल, पुढची एकोणीस वर्षं? इथे शाळा सुटल्यावर पोरं क्लासला जातात ती रात्री दहाला घरी येतात. सोलमध्ये दहा वाजता क्लास बंद करायचा नियम करावा लागला, यावरून काय ते समजा. ऑफिसात बॉसच्या आधी उठायचं नाही. बाळंतपणाच्या रजेवर गेलेली बाई परत येते तेव्हा तिच्या खुर्चीवर दुसरं कुणी असतं. शिवाय इथे लग्नाशिवाय मूल ही गोष्ट जवळजवळ नाहीच, त्यामुळे लग्नं घटली की पाळणे आपोआप घटतात. आणि लग्न का नाही? कारण आधी घर लागतं. ऐकल्यासारखं वाटतंय ना?

जाता जाता, इथे बाळंतिणी दोन आठवडे खास केंद्रात राहतात. शेकशेगडी नाही, पण समुद्री शेवाळाचं सूप तिन्ही त्रिकाळ. आमच्या वेळी आई शीवहून डिंकाचे लाडू आणि अळीव घेऊन आली होती. त्या केंद्रातल्या नर्सने अळीव भिजवलेली वाटी बघून "हे बेडकाची अंडी आहेत का" असं विचारलं. केंद्राचं बिल बघून आई म्हणाली, एवढ्यात आपल्याकडे बारसं, मुंज, सगळं उरकलं असतं.

२०२४ मध्ये दर ०.७५ झाला तर इथल्या वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापलं. कोविडमध्ये अडकलेली लग्नं नंतर लागली, त्याचाही त्यात मोठा वाटा आहे.

आकडेमोड्या (मंगळवार, दुपारी १.२०)

वरच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, त्याच्यावरच लिहितो. मी विमा कंपनीत आयुष्यमानाचे तक्ते करतो, माणसं जन्मतात कधी आणि जातात कधी हाच धंदा.

दिवाळीआधी साड्यांचा सेल लागला की दुकानात रेटारेटी होते. दुकानदार म्हणतो धंदा वाढला. पण पाडव्यानंतर दुकान ओस, कारण लग्नसराईची खरेदीसुद्धा बायकांनी सेलमध्येच उरकलेली असते. वर्षाची बेरीज थोडीच वाढते. बाळांच्या योजनांचं बरंचसं असंच आहे. ज्यांना मूल हवंच होतं ते घाई करतात. वार्षिक जननदर त्या घाईने फुगतो, आणि मंत्री पत्रकार परिषद घेतात.

याचं सगळ्यात मजेशीर उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. २००४ च्या मे महिन्यातल्या अर्थसंकल्पात जाहीर केलं, १ जुलैपासून जन्मणाऱ्या प्रत्येक बाळामागे ३००० डॉलर. अर्थमंत्री पीटर कॉस्टेलो म्हणाले, एक आईसाठी, एक बाबांसाठी आणि एक देशासाठी. झालं असं, की जूनच्या शेवटच्या दिवसांत बाळंतपणं कमी झाली आणि १ जुलैला मागच्या तीस वर्षांतल्या कुठल्याही एका दिवसापेक्षा जास्त मुलं जन्मली. जोशुआ गॅन्स आणि अँड्र्यू ली या दोन अर्थशास्त्रज्ञांनी मोजलं, हजारावर बाळंतपणं पुढे ढकलली गेली होती. ठरवून करायची सिझेरियन आणि कळा आणायची औषधं, दोन्ही पुढे सरकवलेली. बोनस २०१४ मध्ये बंद झाला.

स्वीडनचं उदाहरण जास्त गंभीर आहे. तिथे १९८० पासून नियम झाला, की दुसरं मूल पहिल्यानंतर २४ महिन्यांच्या आत झालं तर मधल्या काळात कमी तास काम केलेलं असलं तरी रजेचा पगार पहिल्या बाळंतपणाच्याच हिशेबाने मिळणार. १९८६ मध्ये ते ३० महिने केले. दर वाढत वाढत १९९० ला २.१ वर गेला. जगभरचे तज्ज्ञ स्टॉकहोमच्या वाऱ्या करू लागले. मग मंदी आली आणि १९९९ ला दर १.५. बायकांनी दोन मुलांमधलं अंतर कमी केलं होतं, त्यामुळे काही वर्षं जन्म एकावर एक साचले आणि नंतर खड्डा पडला.

हंगेरीचं नाव सध्या व्हॉट्सॲपवर फार फिरतं. २०१९ पासून तरुण विवाहित जोडप्याला एक कोटी फोरिंटपर्यंत कर्ज, तिसरं मूल झालं की सगळं माफ. चार मुलांच्या आईला आयुष्यभर आयकर नाही. मोठ्या कुटुंबाला सात सीटची गाडी घ्यायला २०२२ पर्यंत अनुदानही होतं. जननदर २०११ ला १.२३ होता, २०२१ पर्यंत १.६ च्या घरात गेला. मग घसरला, २०२४ ला १.४ च्याही खाली. दहा वर्षांची मेहनत तीन वर्षांत निम्म्याहून जास्त वाहून गेली. देशाच्या उत्पन्नाच्या पाचेक टक्के खर्च करून!

लोकल_७_४२ (मंगळवार, दुपारी १.५१)

ऑस्ट्रेलियावर हसू नका. आमच्या पुतण्याचं सिझेरियन गुरुपुष्यामृतावर बसवलं होतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या त्या दिवशी ऑपरेशन थिएटरला रांग आहे. मुहूर्तासाठी ढकलतात तर तीन हजार डॉलरला का नाही ढकलणार?

नलूमावशी (मंगळवार, संध्याकाळी ५.४०)

मी सरकारी प्रसूतिगृहात पस्तीस वर्षं सिस्टर होते. आता निवृत्त. टाइप करायला वेळ लागतो, नातू आलाय म्हणून त्याच्याकडून लिहून घेते आहे. त्यामुळे काही शब्द गाळले तर समजून घ्या.

तुम्ही सगळे वाढवायच्या पैशांबद्दल बोलताय. मी कमी करायचे पैसे वाटलेत. ट्रेनिंगला होते तेव्हा आणीबाणी होती. रोज विचारायचे, किती केसेस आणल्या? केस म्हणजे ऑपरेशनला तयार झालेला माणूस. आमच्यातल्या एकीचा पगार अडकला होता, तिने आपल्या चुलत सासऱ्यांना आणलं. वय बासष्ट. टेबलावर घेतलंच. देशभरात त्या एका वर्षात ८० लाखांच्या वर नसबंद्या झाल्या. आपल्या विधानसभेने तर १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीचा कायदाच मंजूर केला होता, राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. त्यानंतर कितीतरी वर्षं वस्तीत पांढरी साडी दिसली की पुरुष मागच्या दाराने पळायचे. त्याची शिक्षा बायकांना झाली. पुढे सगळी ऑपरेशनं बायकांचीच.

मग मुलं कमी कशाने झाली? माझ्या डोळ्यांसमोर झाली म्हणून सांगते. पहिली गोष्ट, जन्मलेली पोरं जगायला लागली. मी लागले तेव्हा बाई सांगायची, पाच झाली, तीन आहेत. नंतर नंतर "झाली" आणि "आहेत" हे दोन आकडे एकच व्हायला लागले. दुसरी गोष्ट, मुली दहावी झाल्या. दहावी झालेली मुलगी तांबी बसवायला स्वतःहून यायची, सासूला न सांगता, भाजीची पिशवी हातात घेऊन. तिला कुणी पैसे दिले नव्हते. आमच्या रजिस्टरमध्ये मात्र तिचं नाव "योजनेची लाभार्थी" म्हणूनच जायचं.

आणि या मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं, तेव्हा लोकांनी त्यांना काय काय ऐकवलं. शंभर वर्षांत तीच मुंबई पाळणा का हलत नाही म्हणून विचारतेय. मजाच आहे.

चिमणी, तुझ्या पोरीचा चपला घालून बसलेला फोटो डोळ्यासमोरून जात नाही गं.

आकडेमोड्या (मंगळवार, संध्याकाळी ६.१५)

नलूमावशी, साष्टांग. "झाली" आणि "आहेत" या दोन रकान्यांबद्दल आम्ही जाडजूड पुस्तकं वाचतो.

सक्ती उलट दिशेनेही करून झाली आहे. रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी घातली. एका वर्षात जननदर १.९ वरून ३.७. शाळांना वर्ग कमी पडले. मग लोकांनी चोरवाटा शोधल्या, दर पुन्हा उतरत गेला आणि चोरून गर्भपात करताना हजारो बायका मेल्या. डिसेंबर १९८९ मध्ये तो गेल्यावर नव्या सरकारने पहिल्या काही दिवसांतच ती बंदी उठवली.

कट्ट्यावरचा (मंगळवार, रात्री ९.०२)

मला एक कळत नाही. कमी झाली लोकसंख्या तर बिघडलं कुठे? सकाळी ८.१३ ला ठाण्याहून चढून दाखवा आणि मग सांगा माणसं कमी पडतायत.

आकडेमोड्या (मंगळवार, रात्री ९.४०)

तुमची ८.१३ लवकर रिकामी होणार नाही, निर्धास्त राहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारताचा जननदर २.० आला, महाराष्ट्राचा १.७. तरी लोकसंख्या अजून काही दशकं वाढेल, कारण आधीच्या पिढीतल्या मुली आता आई होण्याच्या वयात आहेत. आणि मुंबईत माणसं नुसती प्रसूतिगृहातून येत नाहीत, रेल्वे स्टेशनातूनही येतात.

काळजी संख्येची नसते, उतरंडीची असते. वर म्हातारे जास्त, खाली कमावते कमी. युरोपला पेन्शन आणि दवाखाने उभे केल्यावर म्हातारपण आलं. आपल्याकडे बहुतेकांची पेन्शन म्हणजे मुलगाच.

दक्षिणेत आणखी एक कारण आहे. लोकसभेच्या राज्यवार जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेल्या आहेत, २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. त्यानंतर डोकी मोजून वाटणी झाली तर ज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांचाच वाटा घटणार. आंध्र-तमिळनाडूचे मुख्यमंत्री उगाच पाळण्याबद्दल बोलत नाहीत.

संपादक मंडळ (मंगळवार, रात्री १०.२५)

"कोणाची किती" या विषयावरचे चार प्रतिसाद उडवले आहेत. धाग्यावर भांडणं पेटवू नयेत.

हिंदूकॉलनी (बुधवार, सकाळी ९.३०)

जगाची उदाहरणं चाललीत, मुंबईतलंच एक राहिलं. आमच्या घरापासून पाच मिनिटांवर पारसी कॉलनी.

१९४१ ला देशात १ लाख १४ हजारांवर पारशी होते, २०११ च्या जनगणनेत ५७,२६४. केंद्र सरकारने २०१३ मध्ये त्यांच्यासाठी "जियो पारसी" योजना काढली. ज्या देशाने साठ वर्षं मुलं थांबवायला पैसे दिले त्याच देशाने एका समाजाला मुलं होण्यासाठी पैसे द्यायला सुरुवात केली! वंध्यत्वाच्या उपचारांचा खर्च, नंतर मुलांच्या आणि घरातल्या वृद्धांच्या सांभाळालाही मदत. वृद्धांचं का, तर घरात दोन म्हातारी माणसं, कधी कधी चार, आणि सांभाळणारी एकच सून. तिला बाळासाठी हात मोकळा कुठला? ज्याने कुणी हे कलम घातलं त्याला घरं माहीत होती. (त्यांची ती २०१४ ची जाहिरात आठवते का, "आज रात्री निरोध वापरू नका" छापाची? आमच्या वडिलांनी पेपर घडी घालून गादीखाली ठेवला होता.)

दहा वर्षांत योजनेतून चारशेच्या वर मुलं जन्मली. त्या चारशे घरांसाठी हे सोनंच. पण जितके जातात त्यापुढे हा आकडा काहीच नाही. माझ्या वर्गात एक पारशी मुलगा होता, अजून भेटतो. पन्नाशी झाली, लग्न केलं नाही. घर मोठं, ऐसपैस, वऱ्हांडा असलेलं. म्हणजे भांडुपकरणींचा टू बीएचकेचा मुद्दाही तिथे लागू पडत नाही. तो म्हणतो, "डिकरा, बापाच्या घरात सगळं होतं, तर निघायची घाई कोणाला होती?" त्यामुळे जागेचं सूत्र सगळीकडे चालेल असं मला वाटत नाही.

फाइलबंद (बुधवार, सकाळी ११.१५)

मी एचआरमध्ये आहे, शिव्या खायची सवय आहे, म्हणून लिहितो.

२०१७ पासून आपल्याकडे पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, तिसऱ्यापासून १२. कागदावर उत्तम. पण हा पगार देतं कोण? कमी पगारवाल्यांचा कर्मचारी राज्य विम्यातून (ईएसआयसी) जातो, बाकीच्यांचा सगळा भार कंपनीवर. स्वीडन-फ्रान्समध्ये हे पैसे सामाजिक विम्यातून येतात, मालकाच्या खिशातून थेट नाही. परिणाम असा, की इकडे छोट्या कंपनीचा मालक मुलाखतीनंतर माझ्या कानात विचारतो, "हिचं लग्न कधी झालं?" मी उत्तर देत नाही, पण त्याला बायोडाटात दिसतंच. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघर हवं असाही नियम आहे. मी पाहिलेल्या एका पाळणाघरात जुने प्रिंटर होते आणि भिंतीवर मिकी माउस.

बाबांना खाजगी नोकरीत कायद्याने एक दिवस नाही. केंद्र सरकारी नोकराला १५ दिवस. स्वीडनने १९७४ मध्येच रजा आईबाप दोघांची केली. आज ४८० दिवस मिळतात आणि त्यातले ९०-९० एकमेकांना देताच येत नाहीत, घ्या नाहीतर सोडा.

आकडेमोड्या (बुधवार, दुपारी १२.४०)

सहमत, फक्त स्वीडनला देव करू नका. तिथेही २०२४ ला दर १.४३ आहे. फिनलंड १९३८ पासून आईला बाळंतविड्याचा खोका देतं: झबली, टोपरी, दुपटी, तळाशी छोटी गादी, आणि तो खोकाच पाळणा. दर २०१० ला १.८७ होता, २०२४ ला १.२५. खोका तोच, पाळणाघरं तीच, बाबांची रजा उलट वाढलेली. फ्रान्समध्ये तीन वर्षांपासून शाळा, दुसऱ्या मुलापासून भत्ता, तेही २.० वरून २०२४ ला १.६२ वर आले. यातलं कारण कुणी एका वाक्यात सांगत असेल तर त्याच्याकडून विमा घेऊ नका.

पिठलंभाकरी (बुधवार, दुपारी ३.३०)

सगळे पैशाला नावं ठेवताय, मी जरा उलट बोलते.

एक म्हणजे, पैसे दिले नसते तर काय झालं असतं ते कुणाला दिसतंय? हंगेरीचा दर कर्जमाफीशिवाय कदाचित आणखी खाली गेला असता. आकडेमोड्यांनी सेलचं उदाहरण दिलं, पण सेलमध्ये थोडी जादा खरेदीही होतेच, आम्हा बायकांना विचारा.

दुसरं, जपानच्या ओकायामा प्रांतात नागी म्हणून सहा हजार वस्तीचं गाव आहे. २००५ ला दर १.४१, २०१९ ला २.९५. गाव लहान असल्याने दहा-वीस बाळांनी आकडा हलतो हे मान्य. पण तिथे नुसता चेक दिला नाही. मुलांना दवाखाना फुकट, स्वस्त घरं, आणि एक जागा जिथे पोर सोडून आईने केस कापून यावं, गावातल्या आज्या बघतात. आणि हे पंधरा-वीस वर्षं न बदलता चालवलं. आपल्याकडे "माझी कन्या भाग्यश्री" आली, रडतखडत चालली, मग २०२३ ला "लेक लाडकी". पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर जन्माला ५ हजार, पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि अठरा वर्षांची झाली की ७५ हजार. सगळे मिळून १ लाख १ हजार. हे मूल होण्यासाठी नाही, मुलगी नकोशी होऊ नये म्हणून आहे, आणि दुसऱ्या बाळंतपणानंतर कुटुंबनियोजनाची अटही आहे. म्हणजे आपलं सरकार अजून ब्रेकवरच पाय ठेवून आहे! १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं झालेलं असेल तर आजही सरपंच होता येत नाही.

माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या सुनेला "लेक लाडकी"चे पहिले पाच हजार मिळाले. त्यातून तिने काय केलं? बाळंतपणासाठी सोडलेल्या कामाच्या घरी बदली बाई लावली होती, तिचे पैसे चुकवले, म्हणजे काम हातचं जाऊ नये. कुठल्या अहवालात हे येईल?

अजून_अविवाहित (बुधवार, रात्री ८.४५)

दुसरं, तिसरं... इथे पहिल्याची आई भेटेना. वय ३४, विरारला वडिलांच्या नावावर वन आरके. चार स्थळांनी "स्वतःचा फ्लॅट?" एवढंच विचारलं. सरकारने आधी आमच्याकडे बघावं.

शीवहून_सोल (बुधवार, रात्री ९.१०)

मित्रा, कोरियन सरकारने नेमकं हेच केलंय, काही शहरांत महापालिका अविवाहितांचे मेळावे भरवतात. सोंगनाम नावाच्या शहरात हॉटेलात शंभर जण बोलावले होते. तू येतोस का? नुसती किमची खायला लागेल.

कट्ट्यावरचा (बुधवार, रात्री ९.२२)

महापालिकेचा वधूवर मेळावा! अर्ज तीन प्रतींत, सोबत पाणीपट्टी भरल्याची पावती.

भांडुपकरीण (गुरुवार, दुपारी १.३०)

डबा खाता खाता वाचतेय. सगळ्यांचे आभार, इतकं येईल वाटलं नव्हतं.

काल सासूबाईंना नागीच्या गावाबद्दल वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आमच्या चाळीत असंच होतं, त्यात जपानचं काय?" मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, की त्यांना दोघांवर थांबायचं होतं ते मामंजींना सांगायला दोन वर्षं लागली. तिसरी नणंद त्या दोन वर्षांतली. हे मला लग्नाला आठ वर्षं होऊन काल कळलं.

फाइलबंद, तुमचा तो मालक मला भेटलाय. मला त्याने लग्नाचं नाही, "पुढचं प्लॅनिंग" विचारलं होतं. मी "एकच" म्हटलं, आणि नोकरी मिळाली. आता तुम्हीच सांगा, सासूबाईंना ती क्लिप पाठवणाऱ्याला मी काय उत्तर देऊ.

हिंदूकॉलनी, जागा असूनही नको म्हणणारे असतात हे पटलं. पण मला नको नाहीये. मला सव्वासातनंतरचे दोन तास कुणी सांभाळणारं हवंय. पाकिटामागच्या हिशेबात आम्ही तो रकानाच घातला नव्हता, कारण त्याचा भाव काय लावायचा ते कळेना.

नलूमावशी (गुरुवार, संध्याकाळी ४.१०)

अगं, तू भांडुपची म्हणजे पूर्वेला की पश्चिमेला? मी पश्चिमेलाच राहते, स्टेशनपासून चालत. नातू रविवारी परत पुण्याला जाणार, मग घरात मी आणि टीव्ही. व्यक्तिगत निरोप (व्यनि) केलाय, बघ. अक्षरं गिरवायला टेबल आहे माझ्याकडे.

पिठलंभाकरी (गुरुवार, संध्याकाळी ४.३२)

मावशी, मुलुंडलाही शाखा काढा.

भांडुपकरीण (गुरुवार, संध्याकाळी ६.४०)

मावशी, व्यनि मिळाला. पश्चिमेलाच. शनिवारी लेकीला घेऊन येते, आधी तिला तुम्ही आवडायला हव्यात, ती फार चिकित्सक आहे. बाकीच्यांनी धागा चालू ठेवा. मला पळायला हवं, सव्वासातच्या आत पोचायचंय.